नऊ झगे आणि दोन इंच

त्या घरात डिसेंबर लागला की जेवायचं टेबल दिसेनासं होई. खाली शिंप्याचं दुकान, वर घर. दुकानात मावेनासे झालेले कपडे जिना चढून वर येत आणि टेबल, पलंग, खुर्च्यांच्या पाठी, जे सापडेल ते बळकावून बसत. साऱ्या गल्लीला नाताळच्या सकाळी नवे कपडे हवे असत, आणि साऱ्या गल्लीला ही गोष्ट पंधरा तारीख उलटल्यावरच आठवे. घरची माणसं उभ्याने जेवत आणि घासात दोरा आला तरी हूं की चूं करत नसत.

घरचे कपडे मात्र एकाच दिवशी होत, चोवीस तारखेला. आजोबा आधीच एक अख्खा तागा आणून कपाटात दडवून ठेवत. चोवीसच्या सकाळी गिऱ्हाइकांचा शेवटचा कपडा दाराबाहेर पडला की तो टेबलावर उलगडला जाई, आजोबा कात्री उचलत, आणि दिवेलागणीपर्यंत घरातल्या सगळ्यांचे कपडे उभे राहत. सगळे एकाच कापडाचे. नाताळच्या सकाळी हे कुटुंब चर्चला निघालं की शेजारी म्हणत, "चला, बँडपथक निघालं!" आजोबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. घर एक तर कापड एक, असा त्यांचा कायदा होता.

कामंही कायद्याने वाटलेली. बेतायचं आजोबांनी, शिवायचं आईबाबांनी, काजं-बटणं पोरांची. पोरं दोन. अकरा वर्षांची मुलगी अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. तिचा सहा वर्षांचा भाऊ चारी बाजूंनी गोल, म्हणून बटण. टाचणीला सुई धरता यायला लागल्यापासून ती बटणं लावत आली होती आणि आता तिला त्यांचा वीट आला होता. तिला कात्री हवी होती. आजोबांची ती काळी, जड कात्री कापडातून करकरत गेली की टाचणी हातातलं बटण विसरून बघत राही. शिवणारे ढिगाने मिळतात, बेततो तो मास्तर, हे तिने आजोबांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

शाळेला सुट्टी लागली आणि गल्लीतली पोरं मोकाट सुटली. दरवर्षी त्यांना आवरायचं काम गाण्याच्या बाईंकडे असे. बाई चर्चच्या सभागृहात त्यांच्याकडून पुठ्ठ्याचे तारे रंगवून घेत, गाणी बसवून घेत, आणि तेवीसच्या संध्याकाळी पाच वाजता येशूजन्माचा खेळ होई. तीन राजे, तीन मेंढपाळ, एक देवदूत, मरीया आणि योसेफ. आजवर ही मंडळी घरातल्या चादरी गुंडाळून रंगमंचावर येत. गेल्या वर्षी एका राजाची चादर भर प्रवेशात सुटली आणि आत तो फक्त बनियनवर होता. म्हणून यंदा बाई सभागृहाचे जुने पडदे काखोटीला मारून दुकानात आल्या.

"मास्तर, नऊ झगे हवेत."

"बाई, मला मान वर करायला वेळ नाही," आजोबा मान वर न करता म्हणाले.

"मी बेतते," टाचणी म्हणाली.

बाबा हसले. आई हसली. बटणाला काही कळलं नव्हतं, पण तोही हसला. सुट्टीसाठी आलेली आत्या तेवढी हसली नाही. ती आजोबांना म्हणाली, "बाबा, तुम्ही कात्री धरलीत तेव्हा किती वर्षांचे होतात?"

आजोबांनी मशीन थांबवलं. "दहा," ते जरा नाखुशीनेच म्हणाले.

"ही अकराची आहे. एक वर्ष उशीरच झाला म्हणायचा."

आजोबांना आपल्या लेकीपुढे कधीच बोलता येत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि टाचणीकडे वळले. "माप तू घ्यायचं, बेतायचं तू, शिवायचं तू. या घरातल्या कुणी सुईलासुद्धा हात लावायचा नाही. नऊच्या नऊ झगे अंगावर नीट बसले, तर चोवीसला ताग्यातला एक कपडा तू बेतशील. एक जरी बिघडला, तर पंधरा वर्षांची होईपर्यंत बटणं. आणि तोवर कटकट नाही. कबूल?"

"कबूल!" टाचणी इतक्या जोरात ओरडली की ट्रायलला उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं.

आता त्या दुकानातल्या टेपेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमजणार नाही. दुकानाच्या टेपेला सुरुवातीचे दोन इंच नव्हतेच. बाबा रांगत असताना त्यांनी ते कात्रीने कापले होते. आजोबांनी टेप टाकली नाही. टेपेला सवय झालीय हाताची, म्हणाले. माप घ्यायचं, टेप सांगेल तो आकडा वहीत लिहायचा आणि बेतायला बसलं की प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि एकाही गिऱ्हाइकाचा कपडा चुकला नव्हता. घरात तर ते हाडीमांसी खिळलं होतं. शाळेत टाचणीची उंची मोजली तेव्हा आई त्या शिक्षकांना म्हणाली होती, "त्यातून दोन वजा करा हं."

आत्याने टाचणीला पहिल्याच कामासाठी भेट दिली ती नवी टेप. पिवळीधमक, एकापासून साठापर्यंत सगळे इंच जागच्या जागी. टाचणी ती गळ्यात घालून सभागृहात गेली आणि तालीम चालू असताना एकेका नटाला कोपऱ्यात ओढून तिने मापं घेतली. हात पसरून मनगट ते मनगट, छाती, खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची. सगळं वहीत नीट लिहिलं. घरी येऊन टेबलाचा एक कोपरा मोकळा केला, खडू घेतला, वही उघडली.

आणि प्रत्येक आकड्यातून दोन वजा केले.

तिचाही दोष नव्हता. हात धुतल्यावर पुसावेत इतक्या सहज तिने ते केलं. शेजारी बसलेल्या बाबांनी वहीत डोकावून पाहिलं, वजाबाकी बरोबर असल्याची खात्री केली आणि समाधानाने मान हलवली. चार दिवस ती बेतत होती, शिवत होती, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नव्हतं. आईने दोनदा विचारलं, "अगं, एखाद्याला घालून तरी बघ." टाचणी म्हणाली, "आजोबा कुठे घालून बघतात? ज्याचा हात कच्चा, तो ट्रायल घेतो." दुकानात ट्रायल फक्त कोटाची होई, हे खरं होतं. अकराव्या वर्षी ते तोंडात शोभत नव्हतं, हेही खरं होतं.

तेवीसच्या सकाळी दहा वाजता नऊ नट दुकानात हजर झाले. पहिला मान पहिल्या राजाचा. हा बेकरीवाल्याचा मुलगा, चांगला भरलेला, त्याला सगळे पाव म्हणत. पावाने हात वर करून झग्यात डोकं घातलं आणि तो तिथेच राहिला.

"पुढे हो ना," टाचणी म्हणाली.

"होत नाही," झग्यातून आवाज आला. "मी कुठून बाहेर येऊ?"

दोघा मेंढपाळांनी मिळून त्याला उलटा ओढून काढला. दुसरा राजा आत गेला, पण त्याचे हात बाजूला ताठ राहिले आणि तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा दिसू लागला. मरीयेला श्वास घेता येईना. देवदूत सगळ्यांत बारीक, त्याच्या अंगात झगा गेला, पण खाली त्याच्या नडग्या उघड्या पडल्या आणि मोज्यांची भोकं दिसू लागली.

"सगळे जाड झाले," बटण गंभीरपणे म्हणाला. "सुट्टीत केक खाऊन."

कुणीतरी खुदकन हसलं. टाचणीच्या कानात नुसती भणभण चालली होती. ती वही घेऊन बसली. पावाची छाती तेहतीस, तिने पुन्हा मोजली, तेहतीसच. झगा मोजला, एकतीस. मग तिची नजर गळ्यातल्या पिवळ्या टेपेवर गेली, तिच्या अगदी पहिल्या, पूर्ण, शाबूत इंचावर. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नव्या टेपेतून पण दोन वजा केले," ती हळूच म्हणाली.

बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी वजाबाकी तपासली!"

टाचणीचे डोळे भरून आले. चार वर्षं बटणं. आजोबांनी मशीनवरून तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"किती वाजले?"

"सव्वादहा."

"खेळ कधी?"

"पाचला."

"हं," आजोबा म्हणाले आणि पुन्हा पायडल मारू लागले.

त्या 'हं'मध्ये काय होतं कोण जाणे, पण टाचणीही घड्याळाकडे पाहू लागली. पाचला अजून वेळ होता. तिने नाक पुसलं आणि नऊ झगे जमिनीवर ओळीने पसरले. पाहता पाहता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. घोटाळा झाला होता, पण सगळ्यांचा सारखाच झाला होता. पाव असो की देवदूत, प्रत्येकाला कमी पडत होते ते दोनच इंच. म्हणजे नऊ आजारांना नऊ औषधं नकोत, एकच पुरे. झग्याची शिवण मनगटापासून काखेतून थेट घोट्यापर्यंत सरळ होती. ती दोन्ही बाजूंनी उसवून मध्ये एकेक इंचाची पट्टी घालायची. मनगटाला एकेक इंच, उंचीसाठी खाली घेराला दोन. झालं!

पण पट्ट्या कशाच्या? पडद्याचं कापड संपलं होतं, आणि गिऱ्हाइकांच्या कापडाला हात लावणं म्हणजे त्या घरात चोरीपेक्षा वाईट. टाचणीने दुकानभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या गाठोड्यावर झडप घातली. त्या मोसमात कोट भरपूर झाले होते, आणि कोटाच्या अस्तराचा उरलेला तुकडा नेहमी लांब आणि अरुंद असतो, दुसऱ्या कशाच्या कामाचा नसतो. गाठोड्यातून लाल, सोनेरी, जांभळं, मोरपंखी अस्तर सळसळत बाहेर आलं.

"हे राजांना," ती म्हणाली. "पांढरं देवदूताला. निळं मरीयेला."

"आम्हाला?" मेंढपाळांनी विचारलं.

"तुम्हाला कॉलरमधलं कॅनव्हास. मेंढपाळ चमकत नसतात."

"मला काय?" योसेफाने विचारलं.

"तपकिरी. आणि प्रश्न विचारू नकोस, उसव!"

आजोबांनी मनाई केली होती ती घरातल्यांना. राजे, मेंढपाळ आणि देवदूत काही घरातले नव्हते. टाचणीने आठ जणांना भिंतीला पाठ टेकून बसवलं आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापला झगा दिला. नववा पाव. तो पट्ट्यांना इस्त्री करायला उभा राहिला. भट्टीजवळ वाढलेला मुलगा, त्याला तापल्या वस्तूची भीती नव्हती. गाण्याच्या बाई शोधत आल्या आणि दारातच थबकल्या. मग त्यांनी पिशवी ठेवली, एक स्टूल ओढलं आणि शेवटची तालीम तिथेच सुरू केली. राजे उसवता उसवता आपली वाक्यं म्हणत होते, मेंढपाळ धावदोरा घालता घालता गात होते, आणि कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं बिल देऊनही जायचं नाव घेत नव्हती. टाचणी मोजत होती, खडूने रेघ मारत होती, कापत होती. कात्री आपल्या हातात आहे हेसुद्धा ती विसरून गेली होती.

आई जिन्यात येऊन उभी राही, हात शिवशिवत, आणि आजोबांनी खाकरलं की वर जाई. बाबा तर मदत करता येत नाही म्हणून नुसते येरझाऱ्या घालत होते. शेवटी आत्याने त्यांना बटणाला फिरवून आणायला पिटाळलं.

दुपारचे दोन वाजले. सहा झगे व्हायचे होते. टाचणीच्या छोट्या हातमशीनला आणखी वेग येईना. तेव्हा आजोबा उठले. चोवीस तारखेच्या आधी दुपारी जेवायला वर गेलेला हा माणूस कुणी पाहिला नव्हता. डबा मशीनवरच सुटे.

"मी वर जेवायला जातोय," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "मला वेळ लागेल. मोठं मशीन रिकामंच आहे."

ते वर गेले आणि दोन तास खाली आले नाहीत. आई नंतर म्हणाली, त्यांनी दोन घास खाल्ले आणि उरलेला सगळा वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मशीनचा आवाज ऐकला. मशीन अडलं की त्यांचा पाय हले, चाललं की थांबे.

साडेचारला शेवटचा झगा मशीनवरून उतरला. तो पावाचा होता. त्याने हात वर केले, डोकं घातलं, सगळ्यांनी श्वास रोखला. आणि पाव बाहेर आला! दोन्ही हात पसरून, लाल-सोनेरी पट्ट्यांत, गोल आणि तेजस्वी. टाचणीने टाळी वाजवली नाही की उडी मारली नाही. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावरचा दोरा तोडला आणि म्हणाली, "पळा!"

खेळ कसा झाला हे त्या गल्लीत अजून सांगतात. पडदा उघडला तेव्हा सभागृहात बसायला जागा नव्हती. झग्यांचं बाहेरचं कापड साधं, विटकं, पडद्याचंच, पण पहिल्या राजाने "तो पाहा, तारा!" म्हणत हात उंचावला आणि मनगटापासून घोट्यापर्यंत दडलेलं सोनेरी अस्तर दिव्यात लखलखलं. लोकांच्या तोंडून "अहाहा!" निघालं. दुसऱ्याने हात उचलला, जांभळं चमकलं. तिसऱ्याने मोरपंखी. राजांना त्या "अहाहा"ची अशी चटक लागली की त्यांनी तो तारा बाईंनी शिकवला होता त्याच्या तिप्पट वेळा दाखवला. देवदूत आला, त्याने पंखांसारखे हात पसरले, आणि मागच्या रांगेतली माणसं उभीच राहिली. कुणाचा झगा सुटला नाही, उसवला नाही, आखूड पडला नाही. शेवटी टाळ्या थांबेनात तेव्हा बाईंनी टाचणीला हात धरून वर ओढलं आणि ओरडून सांगितलं, "नऊच्या नऊ झगे हिने बेतले!" सगळ्यांत आधी पाव टाळ्या वाजवू लागला, आणि मग सगळं सभागृह.

टाचणी खाली उतरली तेव्हा दुकानासमोरच्या फुटपाथवरचा टेलर आजोबांना गाठून उभा होता. त्याने जन्मात कधी कुणाच्या कपड्याला बरं म्हटलं नव्हतं. तो देवदूताची बाही उलटीपालटी करून पाहत होता. "मास्तर, हे हात उचलल्यावर चमकणारं काम कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही," आजोबा म्हणाले. "आमच्या दुकानातलं आहे."

टेलर गेल्यावर टाचणी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण कपड्याच्या बाबतीत नाही. "आजोबा, सकाळी एकही बसत नव्हता. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"मग शर्त?"

"पाच वाजता बसत होते का?"

"हो."

"गिऱ्हाईक पाचला येणार असेल तर सकाळी दहाला दुकानात काय होतं याच्याशी कुणाला काय करायचंय?" आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षांत माझी सकाळी दहाला काय काय फजिती झालीय, ते सांगायला बसलो तर ईस्टर उजाडेल."

चोवीसच्या सकाळी शेवटचा कपडा दाराबाहेर पडला. आजोबांनी कपाटातून तागा काढला. गर्द हिरवा, हाताला मऊ. सगळे टेबलाभोवती जमले. टाचणीच्या वाट्याला काय येणार, हे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बटणाची चड्डी. बिघडली तरी कुणाचं काही जाणार नाही. बटण तर कालपासून पोट आत ओढून उभं राहायचा सराव करत होता. तो पुढे आलासुद्धा.

"तू बाजूला हो," आजोबा त्याला म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. मग ते खोलीच्या मध्यभागी आले, पाय जुळवले आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभे राहिले, गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

आत्याच्या हातातला कप तसाच राहिला. आजोबांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. स्वतःचा सदरा ते स्वतःच अंदाजाने बेतत. बाबांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले होते, माझ्या अंगाला हात लावील असा शिंपी अजून व्हायचाय.

"घे," आजोबा म्हणाले. "हात दुखतात माझे."

टाचणी स्टूलवर चढली. गळ्यातली पिवळी टेप काढून तिने आजोबांच्या खांद्यावर टेकवली. तिने खांदा घेतला, छाती घेतली, बाही घेतली. उतरून उंची घेतली. दुकानातला मास्तर जसा मागे न बघता आकडा पुकारतो, तसा तिने पुकारला. बाबा धडपडत वही शोधू लागले.

"लिहिलं का?" टाचणीने करड्या आवाजात विचारलं.

"लिहितोय, मास्तर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खरंच लिहिलं.

सदरा दिवेलागणीला तयार झाला. अंगात घातल्यावर आजोबांनी खांदे हलवले, हात वर केले, खाली केले आणि आरशापुढे उभे राहिले. आईने नंतर मोजून सांगितलं, अकरा मिनिटं.

नाताळच्या सकाळी हिरवं बँडपथक चर्चला निघालं. वाट पाच मिनिटांची, आणि आजोबा रस्त्यात कुणाशी बोलणारे नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी बेकरीवाल्याला थांबवलं, औषधवाल्याला थांबवलं, समोरच्या टेलरला तर दार वाजवून बाहेर बोलावलं. प्रत्येकापुढे ते हात पसरून उभे राहत आणि म्हणत, "नातीने बेतलाय." गल्लीच्या टोकाला एक वाटसरू पत्ता विचारायला आला, त्यालाही पत्त्याआधी सदरा पाहावा लागला. चर्चला पोचायला त्यांना पाऊण तास लागला. आत गाणं सुरू झालं होतं, पण घरातल्या कुणीही त्यांना घाई केली नाही. टाचणी त्यांच्या शेजारून ताठ मानेने चालत होती.